काळा-लाल डेक, चार रविवार, चार मार: यात काय घालू?

अर्धीजिलेबी | रविवार, रात्री १०.५०

मंडळी, आज परत हरून आलो.

इंदूरच्या लोकमान्य नगरात एका मित्राच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही आठ-नऊ जण दर रविवारी मॅजिक द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळतो. फॉरमॅट पॉपर, म्हणजे कधी ना कधी 'कॉमन' म्हणून छापलेलीच पानं चालतात. खिशाला तेवढंच झेपतं. तीनपैकी दोन गेम घेईल त्याचा सामना, आणि हरणाऱ्याने पोहे-जिलेबीचे पैसे द्यायचे. गेले चार रविवार मीच देतोय. दुकानदार आता मला बघून हसतो.

डेक, म्हणजे माझी गड्डी, असा आहे, एकूण ६३ पानं. (नव्यांसाठी: लँड मांडल्या की माना मिळतो, आणि तो खर्चून बाकीची पानं खेळायची. स्वॉम्पचा माना काळा, माउंटनचा लाल, केव्ह्ज आणि वाइल्ड्ज दोन्हींसाठी. समोरच्याचे लाइफ संपले की जिंकलो.)

लँड २१: ८ स्वॉम्प, ७ माउंटन, ४ ब्लडफेल केव्ह्ज, २ इव्हॉल्व्हिंग वाइल्ड्ज.
प्राणी १९: ४ चिटरिंग रॅट्स, ४ फायरेक्सियन रेजर, ३ ग्रे मर्चंट, २ क्रिप्ट रॅट्स, २ गुरमाग अँगलर, ४ केल्डन मरॉडर्स.
बाकी २३: ४ लाइटनिंग बोल्ट, ४ टर्मिनेट, ३ चेनर्स एडिक्ट, २ कास्ट डाउन, ४ साइन इन ब्लड, ४ ड्युरेस, २ फायरब्लास्ट.

तक्रार एकच. लँड येत नाहीत, आणि आल्या तर भलत्या रंगाच्या येतात. हातात रॅट्स आणि समोर तीन माउंटन, असं बसून राहावं लागतं. अजून काय घालू म्हणजे डेक चालेल? बजेट पाचशे रुपये. कुरिअरचे वेगळे.

लालभडक | रविवार, रात्री ११.०५

फायरब्लास्ट ठेवलायस, जिंकलंस भिया. पण दोनच का? चार कर. काळा रंग सगळा काढ, अठरा माउंटन घाल, बोल्ट मारत सुट. डोक्याला ताप नाही.

अर्धीजिलेबी | रविवार, रात्री ११.१२

रॅट्स सोडवत नाहीत रे. समोरच्याला हातातलं एक पान परत गड्डीवर ठेवावं लागतं. त्याचा पुढचा ड्रॉ आपण आजच खाल्ला. त्या वेळचं त्याचं तोंड बघण्यासाठीच मी खेळतो.

सहाचा_पाढा | सोमवार, सकाळी ७.२०

ऑफिसला निघण्यापूर्वी जमेल तेवढं लिहितो.

'काय घालू' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेव. तुझ्याकडे आधीच तीन पानं जास्त आहेत. नियम किमान ६० म्हणतो, कमाल काही नाही, त्यामुळे ६३ चालतात. आणि '६१वं पान म्हणजे महापाप' असं जे ऐकवतात तेही तितकंसं खरं नाही. एखाद्या पानाच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सात पानांत त्यातली एक तरी येण्याची शक्यता ६० च्या गड्डीत जवळजवळ ४० टक्के, ६१ मध्ये ३९.४, ६३ मध्ये ३८.३. एवढ्यावरून कोणी चार रविवार पोहे खिलवत नाही. पण गड्डी ६३ ची दिसली की मला कळतं, की तीन पानांबद्दल मालकाचं अजून ठरलेलं नाही. ती तीन कोणती, सांगता येईल तुला?

आता लँड. ६३ मध्ये २१ म्हणजे तिसरा हिस्सा. पहिल्या सातांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता २४.८ टक्के. दर चार हातांतला एक हात पिसतानाच मेलेला. पाच मानाचा ग्रे मर्चंट तीन-तीन ठेवणाऱ्याने असं करू नये. तेच ६० मध्ये २४ लँड केल्या, तर तो आकडा १४.३ वर येतो, म्हणजे सातांतला एक. उलट बाजूने पाच किंवा जास्त लँडचे हात ८.३ टक्के येतील. पण त्यातून निदान खेळता येतं, आणि साइन इन ब्लड आहेच की पानं ओढायला.

हे आकडे कुठून आणले म्हणाल तर एक्सेलमध्ये हायपरजॉमेट्रिकचं सूत्र तयार असतं. पेटीतून न बघता आंबे काढायचे आणि काढलेला परत ठेवायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रंगांचं संध्याकाळी. बस आली.

म्हऊकर | सोमवार, दुपारी १.४०

माझाही अनुभव लँडचाच आहे. २२ वरून २४ केल्या आणि माझी निम्मी रडारड संपली. उरलेली निम्मी मात्र माझ्या खेळण्यामुळे होती, हे तेव्हा कळलं.

बजेटचं: कुरिअर करण्याआधी प्रॉक्सी करून बघ. साध्या कागदावर पानाचं नाव आणि मजकूर लिही, जुन्या फालतू पानावर ठेव, प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकव. घरच्या खेळात कोणी काही म्हणत नाही. अधिकृत स्पर्धेत चालत नाही, पण आपल्याला कुठे जायचंय. मी एकदा उत्साहात बारा पानं मागवली आणि त्यातली नऊ आजही डब्यात पडून आहेत.

सहाचा_पाढा | सोमवार, संध्याकाळी ८.३५

हां, रंग.

फ्रँक कार्स्टन नावाचा एक डच खेळाडू आहे, गणितातला माणूस. कोणत्या रंगाचं पान वेळेवर खेळायला त्या रंगाच्या किती लँड लागतात, याचे तक्ते त्याने काढले आहेत. ६० पानांच्या डेकमध्ये एका रंगाच्या एका मानाचं पान पहिल्याच टर्नला हवं असेल तर त्या रंगाचे १४ उगम, म्हणजे तो रंग देणाऱ्या १४ लँड. रॅट्ससारखं, तीन मानापैकी दोन काळेच लागणारं पान तिसऱ्या टर्नला हवं तर १८. हे साधारण दहातून नऊ वेळा जमावं या हिशेबाने.

आता तुझं बघ. काळे उगम: ८ स्वॉम्प, ४ केव्ह्ज, २ वाइल्ड्ज, एकूण १४. लाल: ७, ४, २, म्हणजे १३. तुला हवेत १८ आणि १४, मिळून ३२, आणि लँड आहेत २१. याचा अर्थ निदान ११ लँड दोन्ही रंग देणाऱ्या पाहिजेत. पॉपरमध्ये तुझ्या परवडीतल्या तसल्या लँड आडव्या येतात, त्या टर्नला वापरता येत नाहीत. म्हणजे निम्म्या लँड उशिराने जाग्या होणार, आणि समोर लाल डेकवाला पहिल्या टर्नपासून ठोकत असणार. शिवाय दुसऱ्या टर्नच्या साइन इन ब्लडला दोन्ही माना काळे लागतात, ते मी अजून धरलेलंच नाही.

'लँड येत नाहीत' हे नशिबावर ढकलू नकोस. तिथपर्यंत तूच नेलंयस.

रामबागची_राणी | सोमवार, रात्री ९.५०

मी या धाग्यावर नवी आहे, खेळात नाही. नातवाने शिकवून तीन वर्षं झाली. त्याआधी पन्नास वर्षं मेंढीकोट आणि थोडं ब्रिज.

पाढाभाऊंचे आकडे मान्य. पण आमच्या पिढीला एक सवय होती. डाव संपला की भांडण व्हायचं, आणि त्या भांडणात प्रत्येक हात परत मांडला जायचा. कोणी काय टाकलं, का टाकलं. अर्धीजिलेबी, तू नुसतं 'लँड येत नाही' म्हणतोस. चारही रविवार कसे हरलास ते सांग. आठवेल तेवढं, पण खरं.

अर्धीजिलेबी | सोमवार, रात्री ११.३०

बरं, राणीताई. मित्राला फोन करून आठवून लिहितो.

पहिला रविवार, एल्फ्जवाला. ०-२. दोन्ही गेममध्ये सुरुवातीच्या हातात ड्युरेस होतं. त्याचा हात उघडून बघितला तर सगळे एल्फच. ड्युरेसला प्राणी उचलता येत नाहीत. मग एडिक्ट खेळलो, त्याने सर्वांत फडतूस एल्फ बळी दिला. पाचव्या टर्नला प्रीस्ट ऑफ टायटॅनियाने ढीगभर माना काढला आणि संपलं. लँड... होत्या. चार होत्या.

दुसरा, निळा. काउंटरस्पेल, स्पेलस्टटर स्प्राइट वगैरे, म्हणजे आपलं पान रद्द करणारी पानं. १-२. शेवटच्या गेममध्ये त्याचे ४ लाइफ उरलेले. फायरब्लास्ट काढला, दोन माउंटन बळी दिल्या, त्याने काउंटरस्पेल टाकलं. फायरब्लास्ट गेला, माउंटनही गेल्या, आणि माझ्याकडे दोन स्वॉम्प उरल्या. दुसरा फायरब्लास्ट हातातच होता.

तिसरा, लाल बर्न, म्हणजे बोल्टसारख्या पानांनी थेट लाइफ जाळणारा. ०-२. खरोखर दोन लँडवर अडकलो, दोन्ही वेळा.

चौथा, म्हणजे काल. ॲफिनिटी, आर्टिफॅक्टच्या म्हणजे यंत्रं-वस्तूंच्या पानांचा डेक. ०-२. एकदा तीन माउंटन आणि हात काळा, एकदा पाच टर्न दुसरा काळा माना नाही.

रामबागची_राणी | मंगळवार, सकाळी ६.१५

बघ, चारांतले दोन सामने लँडने गेले. दोन नाही गेले. तुझ्या तक्रारीत मात्र चारही लँडच्या खात्यात होते.

जे दोन लँडने गेले नाहीत त्यांच्याबद्दल बोलू. केल्डन मरॉडर्स, बोल्ट, फायरब्लास्ट ही पानं म्हणतात, 'चल, पाचव्या टर्नच्या आत संपवू.' रेजर, रॅट्स, ग्रे मर्चंट म्हणतात, 'बस निवांत, त्याचं सगळं संपू दे, मग बघू.' तू निळ्यासमोर चार लाइफसाठी धावलास, कारण हातात फायरब्लास्ट होता. तो नसता तर तू थांबला असतास, दर टर्नला एक पान खेळून त्याचे काउंटर संपवले असतेस. पानाने तुला खेळवलं. याला आमच्याकडे दोन्ही डगरींवर हात म्हणतात.

आणि मर्चंटचं काही मोजलं आहेस का? तो आला की मैदानावरच्या आपल्या पानांच्या किमतीत जितकी काळी चिन्हं, तितकं समोरच्याचं लाइफ जातं आणि आपल्याला मिळतं. एकटा आला तर २. शेजारी एक रॅट्स आणि एक रेजर असेल तर ५. रॅट्सऐवजी तिथे मरॉडर्स असला तर ३, आणि तो मरॉडर्स तर दोन टर्नांत स्वतःच निघून जातो. तुझे लाल प्राणी तुझ्या सर्वांत चांगल्या काळ्या पानाच्या ताटातलं काढून खातात.

एक वही कर. प्रत्येक गेम संपला की हातात राहिलेली पानं लिहायची. जिंकलास तरी. तीन रविवारांत जे नाव सर्वांत जास्त वेळा येईल ते काढायचं. मेंढीकोटात शेवटपर्यंत जपलेला एक्का कोणी कापला की रात्रभर झोप लागत नसे. इथे निदान तो एक्का गड्डीतूनच काढता येतो, आम्हाला ती सोय नव्हती.

सहाचा_पाढा | मंगळवार, सकाळी ७.१०

राणीताई, दंडवत.

लालभडक | मंगळवार, सकाळी ९.०२

मी जरा अडवतो. ताईंचं निदान बरोबर, औषधावर वाद आहे. दोन दिशा आहेत तर एक निवडायची, मान्य. पण काळीच का? लाल एकरंगी डेकमध्ये रंगाचा प्रश्नच मिटतो. आणि हा काही पोरखेळ नाही. १९९६ साली अटलांटात पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने असाच स्वस्तातल्या लाल पानांचा डेक नेला, जे श्नायडरने बांधलेला, आणि तो वर गेला. लोक त्यातली पानं बघून हसले होते. पण पहिल्या टर्नला एक माना, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, एकही माना वाया नाही अशी ती मांडणी होती. आज आपण जिला माना कर्व्ह म्हणतो ती डेकमध्ये मोजून बसवायची पद्धत तिथूनच रुळली. त्या धाटणीला अजूनही स्लाय म्हणतात.

दुसरं. लाल सोडलास तर आर्टिफॅक्ट कशाने फोडणार? काळ्याकडे त्यावर जवळजवळ काही नाही. चौथ्या रविवारचा ॲफिनिटीवाला तसाच बसलेला असेल.

अठरा लँडच्या लाल डेकमध्ये एक किंवा शून्य लँडचे हात किती येतात ते पाढाभाऊ सांगतीलच. मला माहीत आहे, जास्त येतात. पण आमची निम्मी पानं एकाच मानाची. एका लँडवरही आम्ही दोन बोल्ट मारून मरतो.

सहाचा_पाढा | मंगळवार, दुपारी १.१५

६० मध्ये १८ लँड: ३१.४ टक्के. मरतो हा शब्द तुझाच.

पण आर्टिफॅक्टचा मुद्दा खरा आहे, तो कोणी टाळू नये. एकरंगी काळा घेतला तर ॲफिनिटीसमोर सामना कठीणच जाणार. आठ जणांत तो एकटा आहे, हे गणितात धरायचं. सगळ्यांना हरवणारा डेक बांधायला गेलं की परत ६३ पानं होतात.

नवशिका_ग्वाल्हेर | मंगळवार, दुपारी ४.०५

मधेच विचारतो, राग मानू नका. मी ग्वाल्हेरला, अजून घरीच भावाशी खेळतो. पिसण्याआधी मी दोन पानं, एक लँड, दोन पानं, एक लँड अशी लावून घेतो आणि मग थोडं पिसतो. लँड छान पसरतात. हे इथे कोणी का सुचवलं नाही?

सहाचा_पाढा | मंगळवार, संध्याकाळी ८.५०

कारण नीट पिसलं तर लावल्याचा काही उपयोग उरत नाही, आणि उपयोग उरत असेल तर तू नीट पिसलेलं नाहीस. दुसऱ्याला इंग्रजीत चीटिंग म्हणतात, मराठीतही.

बायर आणि डायकोनिस या दोघांनी १९९२ मध्ये दाखवलं, की ५२ पत्ते दोन भाग करून एकमेकांत सोडत पिसायचे तर सात वेळा पिसल्यावर क्रम पुरेसा विस्कटतो. तू ६० साठी सात-आठ वेळा पिस आणि समोरच्याला काटायला दे.

रामबागची_राणी | मंगळवार, रात्री ९.२०

ग्वाल्हेरकरांना ओरडू नका हो. आमच्या घरी एक काका होते, त्यांनी पिसलं की हुकमाचा एक्का त्यांच्याकडेच. सगळ्यांना माहीत होतं. तरी दिवाळीत त्यांनाच पिसायला द्यायचे.

बडोद्याचा_बाळू | बुधवार, रात्री १२.२०

बडोद्याहून वाचतोय. मी ऑनलाइन पॉपर बरंच खेळतो, प्रत्यक्ष समोर बसायला इथे कोणी मिळत नाही, तुमचा हेवा वाटतो.

साइडबोर्डबद्दल कोणीच बोललं नाही. अर्धीजिलेबी, तू यादीही दिली नाहीस. पहिला गेम झाला की १५ पानांतून हवी ती अदलाबदल करता येते, म्हणजे सामन्यातले निम्मे किंवा त्याहून जास्त गेम बदललेल्या डेकने होतात. लोक पहिल्या ६० वर महिनाभर डोकं फोडतात आणि १५ पानं घरातून निघताना बूट घालता घालता भरतात.

माझी पद्धत उलटी आहे. मी आधी काय बाहेर जाणार ते लिहितो. तुमच्या गटातल्या प्रत्येक डेकच्या नावापुढे, माझ्या ६० पैकी कोणती पानं त्याच्यासमोर कुचकामी. एल्फ्जसमोर ड्युरेस आणि एडिक्ट, समजा सात पानं. मग साइडबोर्डमध्ये त्या सातांच्या जागी येणारी पानं हवीत, नऊ नकोत, चार नकोत. नाहीतर होतं काय, आत घ्यायला सहा छान पानं असतात आणि बाहेर काढायला मन होत नाही. मग एखादं बरं पान जातं.

ड्युरेस मुळातच बाहेर ठेव. निळ्यासमोर आत आण, तिथे ते सोनं आहे.

अर्धीजिलेबी | बुधवार, सकाळी ८.००

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझे लाल कपडे उतरवले. ठीक आहे. प्रॉक्सी करून एकरंगी काळा बांधतो. वहीपण घेतली, दोनशे पानी.

म्हऊकर | बुधवार, सकाळी ८.२०

दोनशे पानी! केवढा आत्मविश्वास हरण्याचा.

अर्धीजिलेबी | शुक्रवार, रात्री ११.४५

नवीन यादी. ६० म्हणजे ६०:

लँड २४: २२ स्वॉम्प, २ बोजुका बॉग.
प्राणी १७: ४ रॅट्स, ४ रेजर, ४ ग्रे मर्चंट, ३ क्रिप्ट रॅट्स, २ गुरमाग अँगलर.
बाकी १९: ४ साइन इन ब्लड, २ रीड द बोन्स, ४ कास्ट डाउन, ४ चेनर्स एडिक्ट, ३ स्नफ आउट, २ पेस्टिलन्स.

मित्रासमोर दहा गेम खेळलो, सात जिंकलो! त्याचा लाल डेक. म्हणजे जमलं की नाही?

सहाचा_पाढा | शनिवार, सकाळी ७.३०

यादी छान. पण आनंदावर थोडं पाणी टाकतो. दोन्ही डेक अगदी समान बळाचे असते, तरी दहांत सात किंवा जास्त जिंकण्याची शक्यता १७ टक्के असते. नाणं दहा वेळा उडवून निदान सात छापा येण्यासारखं. सहातून एकदा नुसत्या योगायोगाने तुला हाच आनंद झाला असता. दहा गेमवरून डेक चांगला की वाईट ते कळत नाही. एखादं पान हातात कुजतंय का, एवढं मात्र कळतं. ताईंची वही त्यासाठीच.

आणि दहापैकी किती गेममध्ये तू पहिला खेळलास? लालसमोर त्याने फार फरक पडतो. पुढच्या वेळी पाच-पाच वाटून घ्या.

रामबागची_राणी | शनिवार, दुपारी ३.१०

दोन गोष्टी. गुरमाग स्वस्तात येतो तो आपल्याच टाकलेल्या पानांचा ढीग खाऊन. आणि चेनर्स एडिक्ट त्याच ढिगातून दुसऱ्यांदा खेळता येतं. गुरमागला भरवताना एडिक्ट उचलून देऊ नकोस, बाकीचं दे. नातू हीच चूक करतो आणि मग माझ्याकडे बघतो.

स्नफ आउट चार लाइफ देऊन फुकट खेळता येतं, पण काळ्या प्राण्यावर चालत नाही. आणि बर्नवाल्यासमोर चार लाइफ म्हणजे त्याच्या हातात एक बोल्ट ठेवून वर दक्षिणा. त्याच्यासमोर ती तीनही बाहेर. बाळूच्या कागदावर लिहून ठेव.

अर्धीजिलेबी | सोमवार, रात्री ९.००

दोन रविवार झाले, म्हणून उशिराने लिहितोय.

पहिल्या रविवारी एल्फ्ज, २-०. त्याने मैदानभर एल्फ मांडले, मी पाचव्या टर्नला क्रिप्ट रॅट्स आणून उरलेले दोन काळे माना ओतले, आणि टेबल साफ. माझा रेजरही मेला, त्याचं काही नाही. तो दोन मिनिटं नुसता पानं गोळा करत होता.

काल बर्न. १-२. हरलो. पण तिसऱ्या गेममध्ये त्याच्याकडे एकही पान उरलं नव्हतं, माझ्याकडे २ लाइफ आणि हातात मर्चंट, फक्त लँड चारच. पाचवी पुढच्या ड्रॉला आली असती असं म्हणणार होतो, पण बघितलं तर वर साइन इन ब्लड होतं. आणि त्या गेममध्ये मी दोनदा साइन इन ब्लड खेळलो होतो, म्हणजे चार लाइफ स्वतःच्या हाताने दिले. ते बाहेर काढायला विसरलो. कागद खिशातच होता.

वहीत दोन रविवारांत सर्वांत जास्त वेळा आलेलं नाव: पेस्टिलन्स, चार वेळा. एडिक्ट दोनदा, गुरमाग एकदा. आता पेस्टिलन्स काढू का? क्रिप्ट रॅट्स चौथे घालून बघावे असं वाटतंय.

आणि पोह्यांचे पैसे एकदाच दिले. दुकानदाराने विचारलं, मधे आला नाहीत का.

रामबागची_राणी | सोमवार, रात्री ९.४०

एक काढ, एक ठेव. दोन रविवार कमी असतात. आणि वहीत नुसतं नाव लिहितोस की का राहिलं तेही? मैदानावर प्राणी नसेल तर टर्न संपता पेस्टिलन्स आपोआप जातं. तू प्राण्याची वाट बघत ते धरून बसला होतास की खेळायला माना नव्हता, दोन्हींचं औषध वेगळं आहे.

अर्धीजिलेबी | सोमवार, रात्री ९.५५

प्राण्याची वाट बघत. चारातले तीन. आत्ता वहीत बघितलं.

बडोद्याचा_बाळू | सोमवार, रात्री १०.३०

मग चौथे क्रिप्ट रॅट्स घाल, ते स्वतःच प्राणी आहेत. बर्नसाठीचा कागद मात्र खिशातून काढून डेकबॉक्सच्या झाकणाला चिकटव. मी तसंच केलंय.

लालभडक | सोमवार, रात्री १०.४१

सगळं ठीक. ते दोन फायरब्लास्ट आता डब्यात कुजणार ना? मला दे. मी येतो रविवारी लोकमान्य नगरला.

अर्धीजिलेबी | सोमवार, रात्री १०.४४

ये की. चारही बोल्टसकट देतो. येताना सराफ्यातून तळलेले गराडू घेऊन ये, मसाला वेगळा बांधून. स्लीव्हला लागतो.